भागीरथेचा कोळसा

वांकिडीचे शाळामास्तर नागोराव यांची मुलगी भागीरथा हिला बी.कॉम. झाल्यावर कोळसा खाणींच्या बेल्लमपल्लीत बँकेत कारकुनाची नोकरी लागली. पाच वर्षं ती खिडकीत बसून खाण कामगारांची पासबुकं भरत होती. शहाण्णव साली हैदराबादच्या मुख्य कार्यालयातून परिपत्रक आलं. खाजगी वीजकेंद्रांना परवानगी मिळू लागली होती, बँकेला त्यांना कर्ज द्यायचं होतं, आणि त्यांचे प्रकल्प तपासायला आतलीच माणसं निवडायची होती. आधी लेखी परीक्षा, मग मुलाखत.

मॅनेजर सुधाकररावांनी कागद वाचला आणि ते म्हणाले, "हे इंजिनियर लोकांचं काम आहे, भागीरथाबाई. वीज कशी होते, माहीत आहे का तुम्हाला?"

"नाही साहेब," ती म्हणाली. "पण परीक्षेला चार महिने आहेत."

तिने हैदराबादहून एक जाड पुस्तक मागवलं. हिशेबाची पानं तिला सहज उमगली. कोळशाच्या पानांवर मात्र ती अडली. राख, ओलावा, उष्मांक हे शब्द पाठ होत होते, पण त्यामागची वस्तू डोळ्यांसमोर येत नव्हती. दाराबाहेर मालगाड्या भरून कोळसा जात असताना तो पुस्तकातून शिकण्यात काय अर्थ, असं तिला वाटलं.

लक्ष्मणराव तिच्याच गावाकडचे. खाणीच्या कोळशाचे नमुने तपासण्याच्या विभागात त्यांच्या नोकरीला वीस वर्षं झाली होती. रविवारी ती त्यांच्या क्वार्टरवर गेली.

"काऊन वं बाई, तुले कोळशाचं काय काम पडलं?"

"काका, मले खाणीत नेता का? खाली जाऊन पाहाचं आहे."

"बाईमाणसाले खाली जायची कायद्यानं मनाई आहे. वर जे येते ते दाखवतो. साहेबाले विचारून ठेवतो."

परवानगी मिळाली. मग दर सुट्टीच्या दिवशी ती जुनं लुगडं नेसून, डोक्याला फडकं बांधून कोळशाच्या मालगाड्या भरतात त्या साइडिंगवर जाऊ लागली. लक्ष्मणरावांनी दोन ढेकळं तिच्या हातावर ठेवली. एक चकचकीत, हलकं. दुसरं मातकट आणि जड.

"दोन्ही कोळसाच म्हणून गाडीत जातात," ते म्हणाले. "पण हे जळते, अन् ह्याच्यात अर्धा दगड आहे."

तिने नमुना कुटला, वाळवला, भट्टीत जाळला आणि उरलेली राख स्वतः तोलली. शंभर भागांत चौतीस भाग राख. आषाढात उघड्या खाणीत पाणी साचलं, उपसणं मंदावलं, आणि जे वॅगनमध्ये चढलं ते भिजलेलं होतं. त्या ओल्या कोळशाचा नमुना वाळवून पुन्हा तोलला तेव्हा वजन बरंच उतरलं. पुस्तकातला तो धडा तिने त्या संध्याकाळी परत वाचला आणि तो तिला गोष्टीसारखा सरळ वाटला.

लेखी परीक्षा ती पास झाली. मुलाखतीला समोर तिघे साहेब होते. त्यांनी एका नव्या वीजकेंद्राचा अहवाल तिच्यापुढे सरकवला आणि अर्ध्या तासात मत द्यायला सांगितलं. तिने आधी तक्ते उघडले.

"यांनी बाराही महिने सारखीच वीज धरली आहे," ती म्हणाली. "पावसाळ्यात खाणीतून कोळसा कमी निघतो, निघतो तो ओला असतो. तेवढ्याच विजेला जास्त गाड्या लागतील, आणि यांचा साठा तर पाचच दिवसांचा आहे. श्रावणात हे केंद्र बंद पडेल. मग हप्ता कशातून फेडणार?"

मधले साहेब पुढे वाकले. "तुम्ही कधी खाणीत उतरला आहात?"

"बायकांना परवानगी नाही, सर. म्हणून वर आलेला सगळा कोळसा पाहिला."

बाजूच्या साहेबांनी अहवाल स्वतःकडे ओढून तो तक्ता पुन्हा तपासला.

पंधरा दिवसांनी नेमणुकीचं पत्र आलं. सुधाकररावांनीच ते उघडलं, मग ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, "मी चुकलो होतो, बाई." तिला त्या एका वाक्याचा फार आनंद झाला, आणि तिने तो लपवला नाही.

हैदराबादला तिच्या टेबलावर पहिलं प्रकरण मुलाखतीतल्या त्याच वीजकेंद्राचं आलं. कंपनीच्या माणसांनी तीन बैठका घेतल्या. त्यांचा इंजिनियर इंग्रजीत तावातावाने बोलत राही. ती शांतपणे एकेका महिन्याच्या कोळशाचा हिशेब विचारत जाई. शेवटी त्यांनी वीस दिवसांच्या साठ्याचं आवार आणि त्यावर छप्पर आराखड्यात घातलं, पावसाळ्यातली वीज कमी करून दाखवली, आणि मगच तिने शिफारशीवर सही केली.

केंद्र सुरू झालं त्या वर्षी पाऊस धो धो पडला. एकही दिवस ते थांबलं नाही.