एक जूनची वाटणी

१ जून, सकाळी साडेसात, चर्चचं आवार. हजर: मास्तर, फादर, समितीची चिटणीस म्हणून मी, आणि आज वाढदिवस असलेली सव्वीस माणसं. फाटकापाशी जीप चालूच ठेवलेली.

स्वर्गातल्यांना कामं नेमून देणारा माणूस अख्ख्या नेवासा तालुक्यात एकच, आमचे मास्तर. प्राथमिक शाळेत असताना ज्या पोराची जन्मतारीख घरच्यांना सांगता येत नसे, त्याच्यापुढे ते बिनदिक्कत एक जून लिहीत. निवृत्तीनंतर संतांचं कॅलेंडर हाती आलं, ज्या दिवशी जन्म त्या दिवसाचा संत आपला पाठीराखा; एक जूनपुढे एकच नाव पाहून त्यांना घाम फुटला. "माझ्या आळसापायी एवढ्या लोकांचा भार एकट्या संत जस्टिनवर!" मग जुनी पुस्तकं धुंडाळून त्यांनी त्याच दिवशी स्मरण होणारे बाकीचे संत शोधले, संतपदाच्या एक पायरी खालचे धन्यवादितही सोडले नाहीत, आणि दर एक जूनला मिस्साची उपासना संपली की ते संत माणसामाणसाला वाटून देऊ लागले. भिंगारहून लष्करी नोकरी करून परतलेल्याला सैनिक संत. बांधाचा खटला लढणाऱ्या शांतवनला कायदा जाणणारे धन्यवादित.

यंदा मात्र त्याच दिवशी मास्तरांच्याच हृदयाची शस्त्रक्रिया होती. नऊच्या आत नगरच्या दवाखान्यात पोचायचं, नाहीतर पुढची वेळ आठ दिवसांनी. आणि तेवढे दिवस निघतील असं डॉक्टर म्हणत नव्हते.

"मास्तर, उठा. यादी मी वाचते."

"वाचाल हो. भांडणं कोण सोडवील?"

तेवढ्यात शांतवन उठलाच. "मास्तर, चार वर्सं झाली, मला आपला धन्यवादितच! त्या बांधापलीकडच्या रुबेनला संत, अन् मला न्हाई?"

"आधी बांध मोजून घे, मग बढती मागायला ये."

सगळे हसले. मास्तरही हसले, आणि हसता हसता छाती दाबून खाली बसले. शांतवननेच त्यांना उचलून जीपमध्ये ठेवलं. "हाय तेच लई झालं मास्तर. गप ऱ्हावा आता."

घोडेगाव मागे पडेपर्यंत ते डोळे मिटून होते. मी शेजारी बसून यादीची वही चाळली. कागदोपत्री त्यांचाही वाढदिवस एक जूनच, पण त्यांच्या नावापुढची जागा कोरी.

"तुमचा संत कोण, मास्तर?"

"माझा एक जून न्हाईच. आई म्हनायची, बाजरी खुडायला गेल्ते तवा झालास." शाळेतली भाषा त्यांनी कधी सोडली, त्यांनाही कळलं नाही. "तसा ह्यातल्या कुनाचाच न्हाई. सांगू नका त्यांना."

"बाजरीचे दिवस म्हणजे महिनाभर. तारीख कुठली?"

"थोरलीला ठावं. ईचारायचं ऱ्हाऊन गेलं."

नवाला पाच मिनिटं कमी असताना त्यांना आत नेलं. शस्त्रक्रिया झाली. चार दिवस झाले, अजून काचेआड आहेत, बोलायची परवानगी नाही. थोरली बहीण पुणतांब्याला असते, नव्वदीची. एखाद्या दिवशी माणसं ओळखते, एखाद्या दिवशी नाही. माझ्या कामांच्या यादीतली बाकी सगळी कामं उरकून मी खोडली. तारीख विचारायला पुणतांब्याला जायचं अजून राहिलंय.