आईच्या वडिलांचा दहावा

शुद्धलेखन चुकेल, अक्षरही वाकडंतिकडं आहे, माफ करावं. माझी शाळा चौथीपर्यंतच झाली. आमचे हे नाशिकला फौजदार होते. निवृत्तीनंतर त्यांनी एकच तपास केला, तो माझ्या आजोळचा. तो काही केल्या मनातून जात नाही.

आईच्या जन्माच्या वेळी तिचे वडील घर सोडून गेले, मुलगी झाली म्हणून गेले, असं सगळे सांगत. चांदवडकडच्या त्या गावात आईला 'पळपुट्याची पोर' म्हणत. आजी मरेपर्यंत कुंकू लावून वाट बघत राहिली. आई म्हातारी झाली, अंथरुणाला खिळली, तरी विचारायची, "माझ्यामुळंच गेला का गं तो?"

खबर एका लग्नात मिळाली. भावकीतली एक म्हातारी ह्यांना बाजूला घेऊन म्हणाली, "जावईबापू, पंचवटीत आमच्या गावाचे उपाध्ये हायेत. त्यांची वही बघा. लय वर्षं पोटात ठेवलंय मी."

गोदाकाठी गावागावाचे उपाध्ये ठरलेले. कोण कुणाच्या क्रियेला आलं, हे ते पिढ्यानपिढ्या लिहून ठेवतात. दोन खेपा फुकट गेल्यावर नोंद सापडली. आई दिवाळीत जन्मली, त्याच वर्षीच्या श्रावणात आजोबांचा दहावा झाला होता, धाकट्या भावाच्या हातून.

हे म्हणाले, "परागंदा माणसाची बारा वर्षं वाट बघतात, मग क्रिया करतात. मेलेला पाहिल्याशिवाय कुणी दहावा करत नाही."

तो भाऊ हयात होता. आम्ही गावी गेलो. मी दाराआड उभी राहिले. ह्यांनी आधी कांद्याचा भाव विचारला, मग गुडघ्यांची चौकशी केली. पहिलाच प्रश्न मुद्द्याचा आला की माणूस मिटतो, असं हे नेहमी म्हणत.

"बाबा, भावाचा दहावा केला का हो?"

"कसला दहावा? पळून गेला त्यो."

"मग रामकुंडावर पिंड कुणाचे दिले? शेजाऱ्याचे?"

म्हाताऱ्यानं चहाची बशी खाली ठेवली. "आता बेड्या घालता व्हय जावईबापू?"

"बेड्या सरकारजमा केल्या, बाबा. चहा प्या आणि सांगा."

विहिरीला सुरुंग लावला होता, दारू चोरून आणलेली. उडाला नाही म्हणून आजोबा बघायला उतरले, तेव्हा उडाला. पोलीस येतील म्हणून मळ्यातच अग्नी दिला. आजी बाळंतपणाला माहेरी होती. "वहिनी गप बसली नसती," म्हातारा म्हणाला. आधी सगळ्यांना सांगितलं, कामाला गेलाय; ती बाळंत झाल्यावर सांगितलं, पळून गेला. मुलगी झाल्यावर कारण गावानं आपलं आपणच जोडलं. पोलिसांपासून सगळं लपवलं, पण भावाचा जीव अडकू नये म्हणून पंचवटीच्या उपाध्यांना खोटं नाव सांगायचं धाडस झालं नाही.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे मी तेव्हा पोटातच होते?"

"हो."

"मग त्याला ठाऊकच नव्हतं, मुलगी आहे का मुलगा."

भिंतीकडं तोंड करून ती पडून राहिली.

आईकडून परतताना हे रिक्षात थकून बसले होते. म्हणाले, "नोकरीत वाटायचं, खरं बाहेर काढलं की काम संपलं. आता आजीला कोण सांगणार?"

आई पितृपक्षात फक्त आजीचं पान वाढायला लावायची. त्या वर्षी तिनं माझ्याकडून दोन पानं वाढून घेतली, शेजारी शेजारी.