बाईंचा आवाज बसला तेव्हा

पहिलीच्या बाई आणि मी एकाच शाळेत, वर्ग भिंतीला भिंत लागून. मी गणिताची. त्या स्वभावाने लोणी आणि मी... जाऊ द्या, मुलं मला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे.

बाईंचा सगळा जीव अक्षरांच्या आवाजात. 'म' नुसता गिरवायचा नाही. आधी ओठ मिटा, आवाज काढा, मग अक्षर बघा, मग 'मा', मग 'मी'. भिंतीपलीकडून दिवसभर तेच ऐकू यायचं. शेवटी व्हायचं तेच झालं, घसा बसला. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, स्वरयंत्रावर गाठी आहेत, अवाक्षर काढायचं नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही, नाहीतर आवाज कायमचा जाईल.

हेडसर म्हणाले, "पहिलीच्या मुलांना मुक्याने कसं शिकवणार? तुम्ही ऑफिसात बसा, मी दुसरं कोणी बघतो."

बाईंनी पाटीवर लिहिलं, "थोडे दिवस द्या." त्यांनी दिले, पण कुरकुरतच. घरी बाई एकट्या. बोलायला, रागवायला, लाड करायला होती ती ही मुलंच. वर्ग गेला असता तर बाई खचल्याच असत्या, हे मला दिसत होतं.

मग त्यांनी आम्हा सगळ्यांना कामाला जुंपलं. पाटी घेऊन माझ्यापुढे उभ्या. "या आठवड्यात 'प'. तुमच्या तासाला घ्याल?"

"अहो, माझ्या बेरजांमध्ये तुमचा 'प' कशाला लुडबुडायला हवा?" मी फिस्कारले.

त्यांनी हसून मण्यांची वाटी सरकवली आणि लिहून दाखवलं. 'पाटी' म्हणायचं आणि प्रत्येक आवाजाला एक मणी सरकवायचा. पा, टी, दोन मणी. 'पाकळी'चे तीन. दोन आणि तीन किती? बेरीजही झाली, शब्दही सुटा झाला. मग काय, बसले मणी मोजत.

पीटीचे सर मैदानावर चुन्याने अक्षरं काढायचे. ते 'ब' ओरडले की पोरं 'ब'वर उड्या मारायची. परिसराच्या तासाला पान, पीस, पाकळी एका टोपलीत आणि दगड, देठ, दोरा दुसरीत. चित्रकलेच्या तासाला 'म' आला तेव्हा मासे निघाले, मांजरं निघाली. एका पठ्ठ्याने माझं चित्र काढून खाली 'मारकी' लिहिलं. शब्द बरोबर होता म्हणून सोडून दिलं.

बाई प्रत्येक तासाला कोपऱ्यात उभ्या. आवाज नाही, फक्त ओठ हलायचे आणि मुलं त्यांच्या तोंडाकडे बघून आवाज काढायची. वर्गात सगळ्यांत लहान होती पिटुकली. वाचायला उभं केलं की तिची दातखीळ बसायची. एकदा माझ्या तासाला बाईंनी कोपऱ्यातून खूण केली, तिच्याकडे बघा. पिटुकली मणी सरकवत होती आणि पुटपुटत होती. मी मुद्दाम दुसरीकडे बघितलं, नाहीतर थांबली असती.

पुढच्या तपासणीत डॉक्टर म्हणाले, गाठी कमी होताहेत, पण अजून काही महिने गप्प राहा. ते कळल्यावर हेडसरांनी हात वर केले. "माझा नाइलाज आहे. उद्यापासून ऑफिस."

"आधी त्या मुलांना वाचायला तर लावून बघा," मी तोंड सोडलं.

"ज्यांच्या बाईंना आवाज नाही, ती मुलं काय वाचणार?" म्हणत ते मुलांना सांगायला वर्गाकडे निघाले. मी मागोमाग. दारातच बाईंनी त्यांना हाताने थांबवलं आणि खडू उचलला. हे त्यांना स्वतःच सांगायचं होतं. फळ्यावर लिहिलं, "मी आता तुमची बाई नाही."

एकही जोडाक्षर नव्हतं. एवढ्या दुःखातही त्या बयेने पोरांना झेपतील असे शब्द निवडले होते.

मी वाचून दाखवणार, तेवढ्यात मागच्या बाकावरून "मी" ऐकू आलं. मग "आ, ता." हळूहळू सगळा वर्ग त्यात मिसळला. शेवटच्या शब्दाशी आवाज बारीक झाले. मुलांनी नुसतं वाचलं नव्हतं, त्यांना कळलंही होतं.

पिटुकली उठली. हात पुरेना म्हणून तिने खुर्ची ओढली, वर चढली आणि तळहाताने 'नाही' पुसून टाकलं. तेवढंच पुसलं. मग हेडसरांकडे वळून, एकेका आवाजाला एकेक बोट उघडत, तिने उरलेलं मोठ्याने वाचलं. "मी आता तुमची बाई."

हेडसरांनी तिला हाताला धरून खुर्चीवरून उतरवलं. "वर्ग यांच्याकडेच राहू दे," म्हणाले आणि निघून गेले.

मला रडू आवरेना. बाईंचेही डोळे वाहत होते आणि काहीतरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं.

"खबरदार, एक शब्द काढलात तर," मी दरडावलं.

त्यांनी मान डोलावली, मुलांकडे वळल्या आणि नुसते ओठ हलवले. अख्खा वर्ग एका सुरात म्हणाला, "पाटी काढा."