बाप्याले किती?

सगुणामावशीला नोकरीचा पेढा दिला की ती तो लगेच तोंडात घालत नसे. तळहातावर ठेवायची आणि विचारायची, "पगार किती लागला, पोरी?" पोरगी आकडा सांगायची. मग दुसरा प्रश्न ठरलेला. "अना बाप्याले किती?" तुझ्याच कामाला तुझ्या शेजारी बसणाऱ्या पुरुषाला किती मिळतात, एवढंच तिला हवं असे. उत्तर आल्याशिवाय पेढा तळहातावरून हलत नसे. गावातल्या निम्म्या पोरी तिला चुकवून दुसऱ्या गल्लीनं जायच्या.

मी चुकवलं नाही, कारण मला माझा पगार मिरवायचा होता. भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. तुमसरच्या एका खासगी शाळेत मी गणित शिकवायला लागले होते. बी.एस्सी., बी.एड. झालेली, त्यामुळे डोकं जरा जडच होतं. "अना बाप्याले?" असं तिनं विचारताच मी फणकाऱ्यानं म्हटलं, "आमच्याकडे तसं नसतं, मावशी. शिकलेले लोक आहेत तिथे."

"विचारलं काय?"

"नाही."

"मंग कायवरून सांगून राहिली?" असं म्हणून तिनं पेढा माझ्याच हातावर परत ठेवला. मला इतका राग आला की तो मी तिच्यासमोरच खाऊन टाकला.

आमचं गाव सिहोऱ्याजवळ. बाबांची धानाची शेती होती आणि सगुणामावशी रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, बायांची म्होरकी. बुटकी, काळीसावळी, तोंडात तंबाखूची गोळी, आवाज असा की तलावाच्या पाळीवरून हाक मारली तर आमच्या ओसरीवर ऐकू यावी. कौतुक करायला महाचिकट. एखादीनं सुरेख ओळ लावली तर म्हणायची, "जमलं बाई तुले, आता बिघडवू नको." पावसाळाभर चिखलात उभं राहून तिच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या व्हायच्या. संध्याकाळी आमच्या अंगणात बसून ती त्यांना हळद-तेल लावायची आणि लावता लावता बाबांशी भांडायची.

भांडणाचा विषय एकच. रोवणीत पुरुष सकाळी पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, उपटतात, त्यांच्या पेंड्या बांधून चिखल केलेल्या खाचरात, बांधीत, आणून टाकतात. बाया त्या पेंड्या सोडून दिवसभर वाकून, मागे मागे सरकत रोवतात. दुपारनंतर पुरुष धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसून बिड्या ओढत आणि बाया अंधार पडेपर्यंत वाकलेल्या असत. तरी बाईची रोजी बाप्याच्या निम्म्याहून थोडीशीच जास्त. शिवाय पुरुषांची रोजी पहिल्या दिवशीच सांगायचे, बायांची मात्र रोवणी संपत आली की मारुतीच्या पारावर चार शेतवाले बसून ठरवायचे. बाईनं आधी विचारायचं नाही अशी रीत होती. सगुणामावशी बांधीत पाय टाकायच्या आधी विचारायची.

"बाप्याचं काम जोराचं असते, सगुणा," बाबा म्हणत.

"जोर धुऱ्यावर बसाले लागते का पाठ वाकवाले, पाटील?"

बाबा तसे भले माणूस, पण असल्या वेळी त्यांना बैलांना पाणी दाखवायची आठवण व्हायची.

एका वर्षी तिनं सगळ्या बायांना घरी बसवलं. बाप्याइतकी रोजी द्या, तरच बांधीत उतरू. पऱ्हे वाढत चालले होते, शेतवाले घाबरले. तिसऱ्या दिवशी पारावरून निरोप आला की सगळ्यांनाच दहा-दहा रुपये वाढवून देतो, बायांनाही आणि बाप्यांनाही. बाया खूश झाल्या. मलाही वाटलं, जिंकली बाई. आणि ही म्हणते, नाही.

"माया पायलीत एक मूठ टाकली, त्याच्याबी पायलीत एक मूठ टाकली. मंग फरक कोठं गेला? तो तर तेथंच बसून आहे."

बायांनी कपाळाला हात लावला. तिची सख्खी जाऊ म्हणाली, "हिले दहा रुपये चावून राहिले." दुसऱ्या दिवशी सगळ्या कामावर गेल्या. हिचा नवरा दसरूही गेला, वाढीव रोजीनं पऱ्हे उपटायला. ती एकटी घरी राहिली. मी तिला समजवायला गेले, तर ती भांडी घासत होती. म्हणाली, "तू कायले आली? तुया शाळेत विचारलं काय?" मी आल्या पावली परतले.

दोन दिवसांनी ती साकोलीकडे माहेरी निघून गेली आणि रोवणी संपल्यावरच परत आली. लोक म्हणाले, रुसली. ती रुसली नव्हती, शिकून आली होती. तिकडे बाया गुत्त्यानं रोवत होत्या. रोजी नाहीच, एकराचं सगळं काम अंगावर घ्यायचं आणि एकराचे पैसे वाटून घ्यायचे. पुढच्या आषाढात ती बाबांसमोर उभी राहिली. "पऱ्हे उपटनं, रोवनं, सारं आमच्यावर टाका. एकराचा भाव सांगा. एकराले बाई-बाप्या नसते, पाटील."

बाबांनाही रोजच्या कटकटीतून सुटका हवी होती. ते हो म्हणाले. मग हिनं स्वतः चार पुरुष कामाला घेतले, त्यांत दसरूही. वाटा सगळ्यांना सारखा. एक जण कुरकुरला, "आमालेबी बायाइतकेच?"

"तेवढेच. कमी नाही देऊन राहिली, हे समज."

दसरूनं मान डोलावली. त्याला घरी जेवायचं होतं.

आणि मग घोळ झाला. गुत्त्यात जितकं लवकर उरकेल तितका फायदा, हे बायांच्या चटकन लक्षात आलं. शेतवाला धुऱ्यावरूनच पाहतो, हेही त्यांना ठाऊक. म्हणून धुऱ्याच्या कडेनं दाट रोवलं आणि बांधीच्या मधोमध हातभर अंतरावर एकेक काडी. बाबा धुऱ्यावरून फिरले आणि समाधानानं घरी आले. आठ दिवसांनी रोपांनी मूळ धरलं, वर आली, तेव्हा बांध्यांच्या मधोमध टक्कल दिसायला लागलं. बाकीचे शेतवाले मुद्दाम पाहायला आले. "पहा, बायाइले गुत्ता दिल्यावर काय होते. पुढच्या साली रोजीवर घ्या."

रोवताना सगुणामावशी दुसऱ्या बांधीत होती, तिला हे माहीत नव्हतं. ती आली आणि चिखलात मधोमध जाऊन उभी राहिली. मग तिनं गुत्त्यातल्या चौदाही बायांना घरून बोलावून आणलं. "एका वर्षात घालवता काय? रोजीवर आनतीन तुमाले पुन्हा, अना आता तर बोलाले तोंडबी नाही राहणार." उरलेले पऱ्हे काढले आणि दोन दिवस फुकट राबून त्यांनी सगळं टक्कल भरून काढलं. जाऊही आली, तोंड पाडून. संध्याकाळी बाबा बांधीत उतरले, स्वतः, चपला हातात घेऊन. मधोमध फिरून आले आणि म्हणाले, "सगुणा, पुढल्या सालीबी तूच घे."

तेव्हा ती धुऱ्यावर बसून पाय धूत होती. मान वर न करता मला म्हणाली, "विचारलं काय, पोरी?"

आता नाही म्हणायची लाज वाटली. दुसऱ्या दिवशी मी शाळेत विचारलं. माझ्यानंतर लागलेला, माझेच वर्ग घेणारा सर माझ्या दीडपट पगार घेत होता. "त्यांना घर चालवायचं असतं, मॅडम," सचिव म्हणाले. मी हे मावशीला सांगायला गेले. खरं तर तिनं हळहळावं अशी माझी इच्छा होती. ती म्हणाली, "आता माईत झालं. आता गप बसशील तर तो तुया दोष."

गप बसले नाही. वर्षभर भांडले. काढून टाकायची धमकी मिळाली. मग एक दिवस सचिव हसत म्हणाले, सगळ्याच शिक्षकांना दोनशे वाढवतो, झालं ना समाधान? मी हो म्हणणारच होते. तोंडाशी आलेलं हो मी गिळलं आणि म्हटलं, "मग फरक कुठे गेला?" आम्ही तिघी शिक्षिका अडून बसलो. दहावीची परीक्षा तोंडावर आली, गणिताला माणूस मिळेना, तेव्हा कुठे पगार सारखा झाला. मी पेढे घेऊन गेले. तिनं एक तोंडात टाकला आणि म्हणाली, "गोड कमी आहे." डोळे मात्र पुसले पदरानं.

शेवटच्या वर्षी तिची पाठ वाकेना. सरळ झाली ती झालीच. ती धुऱ्यावर बसून ओरडायची. पैसे वाटताना बायांनी तिचा पुरा वाटा काढला, तर ही घेईना. "काम नाही केलं, पैसा कायचा?" जाऊ म्हणाली, "इतके साल बाप्ये धुऱ्यावर बसून बिड्या ओढत, त्याइले पुरी रोजी भेटे. तू तर निदान बोंबलून तरी राहिली." सगुणामावशी इतकी हसली की तिला ठसका लागला. तिनं वाटा घेतला. त्याच हिवाळ्यात, धान घरी आल्यावर, ती गेली. मी तुमसरहून पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं, याची मला अजून टोचणी आहे.

माझी भाची पल्लवी लहानपणी तिच्याजवळ धुऱ्यावर बसून असायची. यंदा ती नागपूरला पहिल्या नोकरीला लागली. पहिला पगार होऊन आठवडा झाला आणि रविवारी घरी आली, रिकाम्या हातानं. मी म्हटलं, "काय गं, पेढे कुठे?"

"आणले नाहीत, आत्या," ती बॅग खाली ठेवत म्हणाली. "माझ्यासोबत लागलेल्या मुलाला जास्त आहेत. मी विचारलं. उद्या साहेबांना भेटणार आहे. आधी सारखे होऊ दे, मग पेढे."