फरक न पाहता

बायकांच्या मदत-केंद्रातला फोनचा कॉम्प्युटर सांभाळणारी ताई कुठल्या वर्गात शिकली नव्हती. त्या कॉम्प्युटरवर चालणारी लिनक्स प्रणाली ती टक्केटोणपे खातच शिकली, आणि त्याचा तिला तोरा होता. तिच्या आधी हे काम पाहणाऱ्या काकांना तिनं एकदा सगळ्यांसमोर सुनावलं होतं, "तुमची ठिगळं निस्तरता निस्तरता माझा जीव जातो!" काका निमूट घरी बसले.

त्या दिवशी, केंद्रात येऊन गेलेल्या एका शिवणवालीचा फोन यायचा होता. मारकुटा नवरा बाहेर पडला की ती फोन करणार आणि लगेच केंद्राची गाडी तिला आणायला तिच्या गल्लीच्या तोंडाशी जाणार, असं ठरलं होतं. आयत्या वेळी यंत्रानं दगा द्यायला नको म्हणून ताईनं सकाळीच अपडेट लावलं. मध्येच ते अडून बसलं: ही सेटिंगची फाइल इथं कुणीतरी हातानं बदलली आहे, तीच ठेवू, नवी घेऊ, की आधी दोन्हींतला फरक दाखवू?

दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर ताई खेकसली असती, "आधी फरक बघ, मग बटण दाब!" पण बदल काकांचे होते. "गेलं एकदाचं लचांड," म्हणत तिनं नवी फाइल घेतली.

दिवसभर फोन वाजले, पण शिवणवालीचा नाही. ड्रायव्हर बोटावर किल्ली फिरवत बसला होता. "ताई, येतेय का तुमची पाहुणी?"

"कसली येतेय! कच खाल्ली शेवटी. आणि आपण यांच्यासाठी रक्त आटवायचं!"

संध्याकाळी तिनं सहज कॉलची यादी उघडली. नंबर लपवून केलेले कॉल, एकामागून एक, रिंग वाजण्याआधीच यंत्रानं तोडलेले. नव्या फाइलीत तसा नियमच होता. काकांनी तो मुद्दाम बंद केला होता. केंद्रातून उलट फोन गेला आणि नवऱ्यानं उचलला तर, या धास्तीनं कितीतरी बायका नंबर लपवूनच बोलतात. जुनी फाइल यंत्रानं शेजारीच जपून ठेवली होती. ती परत बसवणं अगदीच किरकोळ काम निघालं.

तिनं काकांना फोन लावून झालेलं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "फरक नाही पाहिलास, पोरी?"



दुसऱ्या दिवशी बाही उसवलेला झगा घेऊन ती शिवणवालीच्या घरी गेली. दारातच सासू खुर्ची टाकून बसलेली.

"काल संध्याकाळी आल्यात," शिवणवाली मशीनवर वाकून पुटपुटली. "आता इथंच राहणार." मग आणखी हळू, "खूपदा केला हो फोन. वाटलं, तुम्हीच कापताय. नको झाले असेन."

"नाही गं, चूक माझी. मीच ते—"

सासूनं मान वळवली.

"बाहीचं माप घेऊ का, बाई?" शिवणवालीनं मोठ्यानं विचारलं.

ताईनं हात पुढे केला.