गोपनीय गुन्ह्याची माफी

बसप्पा धुत्तरगी यंत्रमागावर टॉवेल विणायचा. कामावर जाण्याआधी तो चहाच्या टपरीवर कामगारांना पेपर मोठ्याने वाचून दाखवायचा. आणीबाणी आली आणि पेपरात सरकारची आरती तेवढी उरली. मग त्याने पहिलं पान सोडून सिनेमाच्या जाहिराती वाचायला सुरुवात केली. "एवढंच खरं छापत्यात," म्हणायचा. टपरी हसायची. आठवडाभरात पोलीस त्याला उचलून घेऊन गेले. एवढं बलाढ्य सरकार, आणि त्याला धास्ती टॉवेलवाल्याची!

त्याची बायको नागव्वा पोलीस साहेबांच्या कचेरीत जाऊन उभी राहिली.

"त्यानं केलंय तरी काय, सायेब?"

"ते गोपनीय आहे, बाई. देशाच्या सुरक्षेचा प्रश्न आहे."

"त्याला तरी सांगितलंय का?"

"त्यालाही सांगता येत नाही. त्याला माफी लिहून द्यायला सांग. सुटेल."

घरी दोन लेकरं बापाची वाट पाहत होती. एका माफीने तो परत येणार होता.

"माफी कशाची मागायची?"

"सांगितलं ना, गोपनीय आहे."

"मग माफी बी तुमीच मागा की. काय केलंय ते तुमालाच ठाऊक हाय."

शिपायाने तिला बाहेर काढलं.

पुढच्या भेटीत तुरुंगाच्या जाळीपाशी तिने हे जसंच्या तसं सांगितलं. बसप्पा इतका हसला, की पहारेकऱ्याने भेट तिथंच थांबवली. माफी त्याने लिहून दिली नाही. निवडणूक जाहीर झाल्यावर तो सुटला. सुटतानाही त्याचा गुन्हा कोणी सांगितला नाही. बहुधा तो त्यांनाही ठाऊक नव्हता.