पातळ म्हणजे किती?

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी पाणी भरत होते. चिंचवडच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवणारी माझी थोरली बहीण. शाळेतून आली, खुर्चीत बसली आणि गेली. हातातली बाटली मी खाली ठेवली... आणि आधी तिच्यावरची चिकटपट्टी बघितली. अशा वेळी कोणी बाटली बघतं का? पण ही खोड तिनेच लावलेली.

आमचे हे, सुनील, चाकणला प्लेटिंगच्या, म्हणजे धातूला मुलामा द्यायच्या, शॉपमध्ये कामाला. तिथलं अ‍ॅसिड पाण्याच्या बाटलीतून घरी आणायचं, संडास घासायला. आमच्या वस्तीत सगळेच आणायचे. एका रविवारी ताई जेवायला आली होती. माझी स्वरा तेव्हा लहान. खेळून घामाघूम होऊन आली आणि मोरीच्या कठड्यावरची बाटली तोंडाला लावणार, तोच ताईने असा फटका मारला की बाटली उडून पडली. शहाबादी फरशीवर चर्र करून फेस आला. मी स्वराला ओढून मागे घेतलं.

"अहो ताई, पाणी घालून पातळ केलंय मी," हे म्हणाले. "एवढं काही होत नाही."

"पातळ म्हणजे किती, सुनीलराव?" ताई म्हणाली. "दिसायला सगळं पाणीच. वाळू गाळून काढता येते, मीठ पाणी आटवून काढता येतं. पोरीच्या पोटात गेलेलं कशाने वेगळं काढणार होता?"

ताई तिथेच ओल्या मोरीशेजारी बसून रडली. "वर्गात रोज हाताळते आणि रोज भिते गं मी. तूही भीत जा," म्हणाली. त्यानंतर अ‍ॅसिड घरात आलं नाही. दोन्ही घरांतल्या बाटल्यांवर मात्र चिकटपट्ट्या आल्या, तिच्या अक्षरात 'पाणी' लिहिलेल्या. आम्ही किती चिडवायचो तिला... आता तांब्यावरही लिही म्हणून.

ताईच्या जलदानविधीला तिच्या घरी माणसांची रीघ. कोणीतरी चांगल्या मनाने बाटल्या घासल्या, पट्ट्या सोलून टाकल्या. "आई, पाणी दे," स्वरा म्हणाली. एवढी मोठी झाली, तरी माझ्याकडेच मागते. ओट्यावरची बाटली उचलली तर कोरी, पट्टीच नाही. पाणीच असणार, कळत होतं मला. तरी वास घेतला. चार थेंब फरशीवर टाकले आणि वाकून बघत राहिले. बायका माझ्याकडे बघायला लागल्या.

फेस आला नाही. तरीही ती बाटली मी पोरीच्या हातात दिली नाही, मोरीत ओतली. "पाणीच आहे गं, पी," असं सांगणारी त्या घरात आता कोणी नव्हती.